श्रावणी सोमवार आणि कानबाईची वाट : तापीकाठच्या एका घाटाचं प्रकरण

12 ऑगस्ट 2024. श्रावणातला दुसरा सोमवार. तापीकाठच्या एका तीर्थाच्या गावात सकाळी कानबाईच्या, म्हणजे खान्देशातल्या घरोघरच्या देवीच्या, विसर्जनाच्या मिरवणुका नदीकडे निघाल्या आणि घाटाच्या तोंडाशीच अडकल्या. पुढे महादेवाच्या दर्शनाची रांग, रांगेच्या दोन्ही अंगांना बेलपान-नारळाच्या टपऱ्या आणि उरलेल्या रस्त्यात कशाही लावलेल्या चारचाकी. मागून आणखी मिरवणुका येतच होत्या. बँजोवाले एकमेकांवर वाजवत होते.

सगळ्यात पुढे जी वहिनी होती तिच्या डोक्यावर पाट, पाटावर नारळाची कानबाई : नथ, काजळ, मणीमंगळसूत्र, वर हिरवं पातळ. घरून उचललेली कानबाई नदीपर्यंत मध्ये कुठेही टेकवायची नाही, हा त्या घरचा नेम. पाऊस भुरभुरत होता. दोन जावांनी दोन्हीकडून पाट धरला, सासूबाईंनी पुढे उभं राहून गाणं चालू ठेवलं, आणि तशाच त्या दीड तास उभ्या राहिल्या. वाट मिळेपर्यंत दोन भाऊबंदक्यांत, म्हणजे एका कुळाच्या घरांच्या दोन गटांत, कोणाची कानबाई आधी जायची यावरून जुंपली होती, एका गाडीची काच फुटली होती. आणि एका घराने कानबाई नदीवर न नेता आपल्या मळ्यातल्या विहिरीवर नेली. काचेची भरपाई आठवडाभरात मिटली. विहिरीची गोष्ट मात्र गावाला फार लागली. तापी दारात असताना कानबाई विहिरीवर जाते, हे कोणाच्याच पचनी पडलं नाही.

हे गाव माझं आजोळ, त्यामुळे पुढच्या बैठकांना मला बोलावलं गेलं. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांनी मोकळेपणाने बोलून दाखवलं, त्यांना एकमेकांच्या शेजारीच राहायचं आहे.

भांडण एका दिवसाचं नव्हतं

पहिल्या बैठकीत सगळ्यांनी दोष गर्दीवर टाकला. पण ही गर्दी अचानक आलेली नाही. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण होतं आणि सोमवारी विसर्जन. म्हणजे विसर्जनाचा दिवस हा श्रावणी सोमवारच असणार, पहिला नाहीतर दुसरा. पंचांग असंच आहे. पूर्वीही दोन्ही गोष्टी एकाच दिवशी येत होत्या आणि कोणाला त्रास होत नव्हता, कारण महादेवाला येणारे लोक पंचक्रोशीतले, पायी नाहीतर बैलगाडीने येणारे होते. आता पुलावरून सरळ घाटाच्या डोक्यापर्यंत गाडी येते. गुजरातची हद्द जवळ, मध्य प्रदेशही लांब नाही. शनिवार-रविवार, अमावस्या, श्रावण, दिवाळीची सुटी, या सगळ्या दिवशी माणसं येतात आणि येणारच.

दुसरी गोष्ट जरा नाजूक होती. ज्या गाड्यांवर राग निघत होता त्यांतल्या जीजे-05 नंबरच्या कितीतरी गाड्या गावच्याच लेकरांच्या होत्या. सुरतेच्या उधना-लिंबायतकडे खान्देशातली हजारो घरं आहेत. कारखान्यात, कापडाच्या धंद्यात राबणारी ही पोरं रोटाला, म्हणजे कानबाईच्या प्रसादाला, मात्र गावी येतात, कारण रोट भाऊबंदकीने एकत्र बसून खायचा असतो. एका जिभाऊंनी बैठकीत उभं राहून सरळ सांगितलं, ‘‘काच फुटनी ती मन्हा पुतन्यानी गाडी व्हती. परका कोन आनि आपला कोन, ते पयले ठरावा.’’ त्यानंतर बैठकीचा सूर बदलला.

मला वाटतं, खरं दुखणं त्या सोमवारच्या आधीपासूनचं होतं. गावातल्या माणसांना रोजच्या संध्याकाळी बसायला-फिरायला जी जागा होती ती हळूहळू गेली होती, आणि ती गेली याची नोंद कोणीच घेतली नव्हती.

वाळू होती तेव्हा

खान्देशाला समुद्र लागत नाही. मुलताईला उगम पावलेली तापी 724 किलोमीटर वाहत जाऊन सुरतेपलीकडे समुद्राला मिळते, आणि आपल्या वाट्याला तिचा मधला पट्टा येतो. पण या पट्ट्यातल्या गावांची चौपाटी त्यांच्या दारात होती. पावसाळा सरला की पात्र आक्रसायचं आणि दोन्ही काठांना वाळूचं मैदान उघडं पडायचं. कोजागरीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, गावाचं सगळं मोकळं जगणं त्या वाळूवर चालायचं.

आजोळच्या आठवणी सांगायला बसलो तर थांबणार नाही, तरी एक सांगतोच. मार्गशीर्ष-पौषात भरताच्या वांग्यांचा हंगाम. पोती भरून वांगी वाळूत न्यायची, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा आणि त्यावर वांगी भाजायची. काड्यांचा जाळ भसकन पेटतो आणि लवकर बसतो, म्हणून एकजण सतत काड्या सारत राहायचा. वांग्याचं साल काळं पडून फुटलं, आतून पाणी सुटून चर्र वाजायला लागलं की ते बाजूला. हिरव्या मिरच्या त्याच जाळात. मग सोलून, लसूण-मिरचीबरोबर ठेचून, वरून शेंगदाणे आणि कांद्याची पात घातलेली फोडणी. सोबत कळण्याची भाकरी. ज्याच्या शेतात वांगी त्याने वांगी आणायची, तेल दुसऱ्याने, पीठ तिसऱ्याने. शंभर माणूस जेवून उठायचं आणि कोणाला कोणाचं आमंत्रण लागायचं नाही.

त्याच वाळूत भोई-कोळी मंडळी डांगर-टरबुजाच्या वाड्या लावायची. पोरं कबड्डी खेळायची. लहान मुलं गुडघाभर पाण्यात पोहायला शिकायची, पाठीला रिकामा डबा बांधून. कोजागरीचं दूधही तिथेच आटायचं. बायकांची जागा वेगळी, वरच्या अंगाला, जुन्या पाणवठ्याच्या उतारावर.

मग तापीवर सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा अशी एकाखाली एक बॅरेजं, म्हणजे दरवाजांचे बंधारे, झाली. पावसाळा संपला की दरवाजे बंद होतात आणि पाणी मैलोन्‌मैल मागे तुंबून राहतं. याचा फायदा काठच्या गावांना झाला हे मी ठामपणे म्हणेन. विहिरींना पाणी टिकलं, मोटरी लागल्या, ऊस-केळी झाली, मासेमारी वाढली. वाळू मात्र पाण्याखाली गेली. टरबुजाच्या वाड्या गेल्या, वाळूतलं भरीत शेताच्या बांधावर आलं आणि ज्याच्या शेतात त्याच्याच ओळखीच्यांपुरतं उरलं. गाव वाळू सोडून घाटाच्या पायऱ्यांवर येऊन बसलं. पायऱ्या किती, माणसं किती! तरी काही वर्षं निभावलं.

आणि ज्या भरल्या पाण्यामुळे वाळू गेली, तेच पाणी बघायला पुढे बाहेरचे लोक यायला लागले. होड्या आल्या, होड्यांवर रंगीत छत्र्या आल्या, स्पीकर आले. सुरतेची पोरं रविवारी डुमसच्या किनाऱ्यावर टोमॅटोची भजी खाऊन आलेली. त्यांनी इथेही तसं करू म्हणून भज्यांच्या गाड्या लावायला मदत केली. त्यांचा हेतू चांगला होता. गावात दोन पैसे येतील, येणाऱ्याला बसायला बरं वाटेल. जत्रेचं अर्थकारण या भागाला नवं नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो तेव्हा सगळं गाव त्यात कामाला लागतं. पण जत्रा उठते. इथली जत्रा आठवड्याच्या आठवड्याला येऊन बसायला लागली होती.

घाटावर कोण, केव्हा

दुसऱ्या बैठकीत नुसते आरोप-प्रत्यारोप होऊ नयेत म्हणून वाचनालय चालवणाऱ्या निवृत्त गुरुजींनी एक काम सुचवलं : घाटावर दिवसभरात कोण येतं, किती वेळ थांबतं, कशासाठी, ते लिहून काढायचं. वाचनालयातली पोरं आणि बचत गटाच्या दोन ताई वह्या घेऊन बसल्या.

पहाटे स्नानाला येणारी म्हातारी माणसं आणि त्यांच्यामागे धुणं, हे सगळ्यांना माहीत होतं. दुपारी घाट जवळजवळ रिकामा असतो, हेही. वह्यांतून खरं कळलं ते संध्याकाळचं. पाच ते आठ या वेळेत गर्दी सर्वांत जास्त, आणि त्या गर्दीत गावातली बाई जवळपास एकही नाही. पुरुष कडेकडेने होते : पत्त्यांचा एक डाव, मोबाइल बघत बसलेली तरणी पोरं. बाया नव्हत्या. भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणायला घाटावर यायच्या, त्या आता शाळेच्या ओट्यावर जात होत्या. गाणारी मंडळी दिसली की बाहेरचे लोक फोन काढतात आणि तो व्हिडिओ कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून आयांनीच नको म्हटलं होतं.

एका मावशींना विचारलं, तुम्ही घाटावर का येत नाही? त्या म्हणाल्या, ‘‘नदी आमनीच शे, पन बसाले जागा नही.’’

घाटावर बसू नका असं या बायांना कोणी कधी म्हटलं नव्हतं. कोणी हाकललं असतं तर गावाने भांडून जागा परत मिळवली असती. टपरीला भाडं आहे, होडीला फेरी आहे, दर्शनाला रांग आहे, म्हणून त्या गोष्टी मोजल्या जातात. स्वयंपाकाला लागण्याआधी अर्धा तास पायरीवर बसून दोन गाणी म्हणणं कोणत्याच वहीत येत नाही, आणि जे वहीत येत नाही त्याची जागा पहिली जाते. या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच, आणि ती नंतर प्रत्येक निर्णयाच्या वेळी उपयोगी पडली.

ज्याचं त्याचं खरं

नावाडी म्हणाले, आमच्या टरबुजाच्या वाड्या बुडाल्या तेव्हा कोणी बैठक घेतली नाही. आता होडीवर चार पैसे मिळतात तर तुम्हाला स्पीकर खुपतो. यात खोटं काहीच नव्हतं. टपरीवाल्यांतले निम्मे गावचेच, त्यांचं वर्षाचं गणित श्रावणावर. मंदिर बघणाऱ्या मंडळींना रांग मोडलेली चालणार नव्हती, चेंगराचेंगरी झाली तर जबाबदार कोण? तरण्या पोरांना घाटावरची रोषणाई हवी होती आणि ती बंद पडेल ही भीती होती.

बायकांचं म्हणणं ऐकायला वेगळी बैठक घ्यावी लागली, आणि ती रात्री नऊनंतर. त्याआधी कोणालाच सवड नसते. तिथे पहिल्यांदा जुन्या पाणवठ्याचं नाव निघालं. घाटाच्या वरच्या अंगाला, भोईवाड्याच्या मागे, काटेरी झुडपांत बुजलेला तो उतार. चारचाकी तिथे जातच नाही, गल्ली तेवढी रुंदच नाही. इतकी वर्षं हीच अडचण म्हणून तो मागे पडला होता. आता तीच अडचण कामाची ठरली.

ज्येष्ठ पुरुषांचा विरोध झाला. कानबाईचं विसर्जन महादेवासमोरच्या पायऱ्यांवरच होतं, रीत मोडायची नाही. यावर खूप वेळ गेला. शेवटी एका आजींनी, ज्यांच्या घरचा कानबाईचा नारळ चार पिढ्यांचा आहे, सांगितलं की त्यांच्या लहानपणी सगळ्या कानबाया पाणवठ्यावरच जात, पक्का घाट नंतर झाला. ‘‘देवीले पानी पाहिजे, पायरी नही,’’ एवढं बोलून त्या उठल्या. आजींपुढे कोण बोलणार?

पण पाण्याचं भान ठेवावंच लागतं. श्रावणात बॅरेजचे दरवाजे उघडे असतात आणि वर भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या 41 दरवाजांपैकी किती उघडले त्यावर इथल्या पाण्याचा चढउतार ठरतो. रात्री कोरडी असलेली पायरी सकाळी बुडालेली असते. म्हणून जागा ठरवण्याचा शेवटचा शब्द नावाड्यांना दिला. त्यांनी पाणवठा तीनदा वेगवेगळ्या पाण्यात पाहिला. तिथे काठाला वळण आहे, मुख्य धार पलीकडच्या अंगाने जाते, भोवरा नाही, असं सांगितलं आणि तरीही कमरेच्या वर पाण्यात कोणी जायचं नाही अशी अट घातली. होडीच्या धंद्यावर ज्यांच्याशी भांडण होतं, तीच माणसं विसर्जनाची राखण करणार असं ठरलं. माझ्या मते प्रकरण इथे वळलं. एरवी बैठकीत मागे उभे राहणारे नावाडी त्या दिवसापासून पुढे बसायला लागले.

ठरलं ते

ठराव ग्रामसभेत झाला, तोही लेखी. गाड्या घाटावर येणार नाहीत, आठवडे बाजाराच्या मैदानात थांबतील. पार्किंगचे पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात, आणि त्यातून पहिला खर्च पाणवठ्याच्या पायऱ्या आणि दिव्यांवर. कानबाईच्या मिरवणुका भोईवाड्याच्या गल्लीने पाणवठ्यावर. ज्यांना महादेवासमोरच न्यायची आहे त्यांनी सकाळी आठच्या आत. दोरी, लाइफ जॅकेट आणि दोन होड्या तयार. पाणवठ्यावर टपरी नाही, होडी लागणार नाही, फोटो-व्हिडिओ काढायचा नाही. संध्याकाळी पाच ते आठ होड्यांचे स्पीकर बंद.

टपऱ्यांबाबत ठराव गुळमुळीत राहिला. काहींनी बाजाराच्या मैदानाशेजारी जावं असं सुचवलं गेलं, सक्ती केली नाही. लोक गाडीतून उतरतात तिथे चहा-भजी खपतात हे ज्यांच्या लक्षात आलं ते आपणहून गेले.

पाणवठा साफ करायला तीन रविवार लागले. झुडपं तोडल्यावर खाली जुन्या दगडांची एक रांग निघाली, धुण्याची. आजींचं म्हणणं खरं होतं.

4 ऑगस्ट 2025

पुढच्या वर्षी विसर्जन 4 ऑगस्टला आलं, पुन्हा श्रावणाचा दुसरा सोमवार. महादेवाची रांग नेहमीसारखी लांब होती. कानबाया भोईवाड्यातून गेल्या. त्या गल्लीतल्या घरांनी सडा-रांगोळ्या घातल्या होत्या. इतकी वर्षं त्यांच्या दारावरून मिरवणूक जात नव्हती. पाणवठ्यावर एका वेळी दोनच भाऊबंदक्या उतरत होत्या. नावाडी काठावर कमरेला दोरी बांधून उभे. बायांनी मनसोक्त फुगड्या घातल्या, कारण मागून कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. नारळ पाण्यात बुडवून ज्यांना घरी न्यायचा त्यांनी तो पदरात घेतला. दहाच्या सुमारास बहुतेक घरं मोकळी झाली होती. मळ्यातल्या विहिरीवर गेलेलं ते घरही या वेळी नदीवर आलं.

मला जास्त आनंद झाला तो नंतरच्या महिन्यांचा. दिवे लागल्यावर संध्याकाळी बाया पाणवठ्यावर यायला लागल्या. आधी दोघीचौघी, मग गल्लीगल्लीतल्या. लसूण सोलायची, शेंगा फोडायच्या, निवडायची भाजी सोबत आणायची. भुलाबाईच्या मुली शाळेच्या ओट्यावरून परत नदीवर आल्या. गुरुजींनी वाचनालयाची एक पेटी संध्याकाळी तिथे नेऊन ठेवायला सुरुवात केली आहे. मासिकं जास्त हलतात, पुस्तकं कमी.

सगळं जमलं असं नाही. फोटोबंदीचा फलक लोक वाचतात आणि त्याच्याच शेजारी उभं राहून फोटो काढतात. बायांनी हटकायचं की कोणी माणूस ठेवायचा, यावर अजून मतभेद आहेत. पार्किंगचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवायचा ठरला होता, पहिल्या वेळी वाचला गेला, नंतर राहिला. हे लवकर सुधारलं नाही तर ठरावावरचा विश्वास उडेल, असं मी तिथेही सांगितलं आहे. नावाड्यांची सूर्यास्ताची फेरी म्हणजे त्यांची मुख्य कमाई. ती फेरी आता पाणवठ्याच्या अलीकडूनच वळते आणि फेरी छोटी झाली म्हणून गिऱ्हाईक पैसे कमी देतं. त्यांचं हे नुकसान पार्किंगच्या पैशातून भरून द्यावं अशी मागणी आली आहे आणि ती मला योग्य वाटते.

आणि पोहणाऱ्या मुलांसाठी आम्ही काहीच करू शकलो नाही. वाळू होती तेव्हा पाणी पायाखाली हळूहळू खोल होत जायचं. आता पायरी संपली की एकदम खोल. संध्याकाळी घाटावर होड्या, पाणवठ्यावर बाया, म्हणून मुलं पुलाखाली जायला लागली आहेत आणि पुलाखालचं पाणी चांगलं नाही. नावाड्यांतल्या एका नानांनी सुचवलं आहे की उन्हाळ्यात पाणी उतरेल तेव्हा पाणवठ्याच्या वळणावर दोर बांधून, होडी शेजारी ठेवून, सकाळच्या वेळी मुलामुलींना पोहायला शिकवायचं. मुलींसाठी वेगळी वेळ हवी, असं बचत गटाच्या ताईंनी लगेच सांगितलं. शाळेने पालकांची लेखी परवानगी मागितली आहे. नावांची यादी वाचनालयाच्या दारावर लागली आहे. मुलांची नावं भरत आली, पालकांच्या सह्या अजून निम्म्याच आहेत.